पेपर सक्तीने वाचायला लावू नका, आधी तिला खांबाचा नंबर टिपायला सांगा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी एकोणीस वर्षांची, एसवायला, घर नाशिकच्या सिडकोत, घरात वीस वर्षं रोज पेपर येतो पण ती त्याला हात लावत नाही, जे काय कळतं ते इन्स्टा आणि यूट्यूबवरून, जानेवारीत महापालिकेच्या मतदानाला तुम्ही नवरा-बायको गेलात आणि ती घरीच राहिली, विचारलं तर म्हणाली की यादीत नाव नाही आणि असतं तरी कुणाला देऊ, सगळे सारखेच. आणि आता तुम्ही विचारताय की फोन काढून घेऊ का, रोज अर्धा तास पेपर समोर बसवून वाचून घेऊ का.

मी हे कुठल्या अनुभवावरून लिहितेय ते आधी सांगते. २००१ पासून अठरा वर्षं मी नाशकात सिटी रिपोर्टर होते, त्यातली बरीचशी महापालिका बीटवर. नोकरी सोडल्यापासून दर शनिवारी पंधरा-वीस कॉलेजच्या पोरापोरींबरोबर दोन तास बसते. शहरात काय चाललंय, कुठली बातमी खरी, कुठे काय करता येतं एवढंच बोलतो आम्ही. कोरोनात हे फोनवर चालायचं, आता परत समोरासमोर. म्हणजे माझ्याकडे संशोधन वगैरे नाही, सात वर्षांच्या शनिवारांवरून सांगतेय.

मला वाटतं तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्यात. एक, ती बातम्या कुठून घेते. दुसरी, या शहरात आपण काही करू शकतो असं तिला वाटतं का. तुम्ही पहिलीच्या मागे लागलाय, पण खरी अडचण दुसरी आहे. पेपर ही तुमची सवय आहे, चहाबरोबरची. तिची सवय फोन आहे. सवय बदलून दिली तरी "सगळे सारखेच" हे वाक्य तसंच राहील, फक्त ते ती पेपर हातात धरून म्हणेल.

एक करून बघा, आज जेवताना तिला विचारा की या आठवड्यात काय काय बघितलंस. परीक्षा घेतल्यासारखं नको, सहज. पेपरफुटी, भरतीचं लांबलेलं वेळापत्रक, कुठल्या तरी शहरातली छेडछाडीची घटना, सिटीलिंक बसची गर्दी, सगळं तिला माहीत असेल, कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. पोरांना काही माहीत नसतं असं मला एकदाही दिसलेलं नाही. दिसतं ते असं की माहिती येते, मन जड करून जाते आणि पुढे काही नाही. रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा दरवर्षी एक डिजिटल न्यूज रिपोर्ट येतो, बऱ्याच देशांतल्या लोकांना विचारून केलेला, त्यात बातम्या अधूनमधून किंवा नेहमी टाळतो म्हणणारे २०१७ मध्ये २९ टक्के होते, २०२५ मध्ये ४० टक्के झाले. कारणं विचारली तर लोक सांगतात की मूड खराब होतो, थकायला होतं, आणि या माहितीचं आपण काही करू शकत नाही. हे शेवटचं कारण नीट बघा. तुमच्या मुलीचं तेच आहे.

आणि तिला तसं का वाटू नये? जरा हिशोब करू. महापालिकेची आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ ची. त्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतरचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधे जवळजवळ चार वर्षं १२२ नगरसेवकांच्या जागी प्रशासक. महासभा नाही, स्थायी समिती नाही, दोन्हींचे अधिकार एका अधिकाऱ्याकडे. तुमची मुलगी पंधरा वर्षांची असल्यापासून एकोणिसाव्यापर्यंत, म्हणजे ज्या वयात माणसाला गल्लीच्या बाहेरचं जग कळायला लागतं त्या वयात, तिला नगरसेवक नावाचा माणूसच नव्हता. ड्रेनेज तुंबलं तर बाबा कुणाकडे जातात हे तिने बघितलंच नाही. २०१७ ला जी मुलगी सतराची होती तिने पहिल्यांदा नगरसेवक निवडला तेव्हा ती सव्वीसची झाली होती. कॉलेजात बघाल तर तिथेही तेच, महाराष्ट्रात विद्यार्थी निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत तरतूद आली, २०१९ मध्ये होणार होणार म्हणता म्हणता पुढे ढकलल्या. म्हणजे तिने आयुष्यात कशालाच मत दिलेलं नाही, वर्गाचा सीआर म्हणजे प्रतिनिधीसुद्धा बहुतेक सरांनी नेमलेला असेल. मग आपण एकदम अठरा वर्षं पूर्ण झाली की म्हणायचं, जा, लोकशाही चालव. पोहायला न शिकवता गंगेत ढकलल्यासारखं आहे हे.

यादीत नाव नव्हतं त्यात तिचा दोष थोडाच आहे. महापालिकेची यादी वेगळी बनत नाही, विधानसभेची यादी घेऊन तीच प्रभागवार फोडतात, आणि या वेळी १ जुलै २०२५ पर्यंतची यादी धरली होती. त्या तारखेपर्यंत नवीन मतदाराचा फॉर्म ६ भरून नाव लागलेलं नसेल तर जानेवारीत कितीही उत्साह असला तरी उपयोग नव्हता. हे कुणी सांगतं का पोरांना? नोव्हेंबरमध्ये प्रारूप यादी आली, हरकती मागवल्या, तेव्हा आमच्या गटातल्या सहा जणांना कळलं की आपण कुठेच नाही. त्यातले चौघं रडकुंडीला आले होते, इतकी इच्छा होती त्यांची. त्यामुळे "मतदानाला गेली नाही" यावरून तिला काही पडलेलं नाही असा निष्कर्ष काढू नका.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगते, कारण सगळ्या घरांना एकच उत्तर लागू पडत नाही. ती कॉलेज करून कुठे पार्टटाइम काम करत असेल तर तिच्याकडे वेळच नाही, तिथे आठवड्याला वीस मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. स्पर्धा परीक्षा करत असेल तर उलटा त्रास असतो, ती पोरं पेपर रोज वाचतात, नोट्स काढतात, जीआरचे नंबर पाठ असतात, पण स्वतःच्या प्रभागाचा नंबर माहीत नसतो, बातमी म्हणजे एमपीएससीचा प्रश्न एवढंच. आणि ती मुलगी आहे, हा सगळ्यात मोठा मुद्दा, इथे मला जरा थांबायचंय.

माझ्या गटात सुरुवातीला मुली निम्म्याहून जास्त होत्या. तिसऱ्या महिन्यात दोन उरल्या. मला वाटलं रस संपला, मी जरा रागावलेही होते मनातून. मग एकीला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "ताई, तुम्ही साडेसहाला ठेवता, सुटायला साडेआठ, घरी चालत नाही." मी वेळ साडेचारची केली आणि पुढच्या महिन्यात नऊ मुली आल्या. इतकी साधी गोष्ट होती आणि मला तीन महिने दिसली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक वडिलांना मी हे विचारते, तुम्हालाही विचारते, राग मानू नका. मुलीने शहरात लक्ष घालावं असं तुम्हाला वाटतं ना, मग ती एकटी विभागीय कार्यालयात अर्ज द्यायला गेली तर चालेल? एखाद्या सभेला, हरकतीच्या सुनावणीला गेली तर? की "तू कशाला, मी जातो" म्हणाल? कारण "तू कशाला" हे वाक्य तिने लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं असेल तर "मतदानाला का नाही गेलीस" हे एक वाक्य त्याला पुरं पडत नाही.

आता माझा गट कसा बदलला ते सांगते, कारण तुमच्या सक्तीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. पहिलं वर्षभर मी तुमच्यासारखंच केलं. चार पेपर घेऊन जायचे, अग्रलेख मोठ्याने वाचायला लावायचे, चर्चा. पोरं आदराने बसायची आणि मनाने घरी जायची. मला वाटायचं आधी वाचन, त्यातून समज, मग कृती. हा क्रमच उलटा होता.

हे मला एका मुलीमुळे कळलं. तिचा क्लास संध्याकाळी साडेसातला सुटायचा आणि बस स्टॉपपासून घरापर्यंतचा रस्ता अंधारा. एका शनिवारी ती अग्रलेखावर काहीच बोलेना, म्हणून मी म्हटलं बरं, तुला कशावर बोलायचंय, तर म्हणाली, "आमच्या रस्त्यावरचे लाइट दोन महिने बंद आहेत, मी फोनची टॉर्च लावून पळत जाते." सगळे गप्प. मी विचारलं, किती खांब? तिला माहीत नव्हतं. मी म्हटलं पुढच्या वेळी मोजून ये, आणि खांबावर नंबर रंगवलेला असतो तो लिहून आण. ती भावाला घेऊन गेली आणि वहीच्या मधल्या पानावर तक्ता करून आणला, खांबाचा नंबर, चालू की बंद, कुठल्या घरासमोर, तारीख, वेळ. अकरा खांब, सात बंद. त्या पानावर पाण्याचे डाग होते, पाऊस चालू होता त्या दिवशी. ते पान मी फोटो काढून ठेवलंय अजून.

मग ऑनलाइन तक्रार केली, नंबर मिळाला, चार दिवसांत मेसेज आला की निराकरण झाले, आणि लाइट बंदच. पोरं भडकली. बघा ताई, म्हटलं ना काही होत नाही. मी म्हटलं, थांबा, आता खरी सुरुवात आहे, आता आपल्याकडे एक खोटा कागद आला ना. आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. कायदा २००५ चा, महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं, नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पहिलं अपील. त्यातली एक युक्ती सगळ्यांच्या कामाची आहे, अर्जात "का" विचारायचं नाही. "लाइट का बंद आहेत" विचारलं की गोलमाल उत्तर येतं. कागद मागायचा. आम्ही मागितलं की अमुक नंबरची तक्रार कुणाकडे गेली त्याची नोंद द्या, ती बंद केली त्या दिवशीचा कामाचा अहवाल द्या, आणि ठेकेदाराच्या करारात बंद दिवा किती वेळात दुरुस्त करायचा त्या कलमाची प्रत द्या. अर्ज टाकल्यावर बाविसाव्या दिवशी लाइट लागले, उत्तर नंतर आलं. ती मुलगी रात्री आठ वाजता त्या रस्त्यावर उभी राहून व्हिडिओ कॉल करत होती, सात खांब एकेक करून दाखवत होती.

पण मला तुम्हाला सांगायचंय ते यानंतरचं. पुढच्या शनिवारी ती स्वतःहून पेपरचं कात्रण घेऊन आली. पथदिव्यांच्या ठेक्याबद्दलची बातमी होती, आतल्या पानावर, दोन कॉलमची, आधी तिने पान उलटून टाकलं असतं अशी. आणि म्हणाली, "ताई, यात कराराची मुदत लिहिलीच नाहीये, ही बातमी अर्धी आहे." अठरा वर्षं नोकरी केली मी, माझ्या बातमीवर इतका नेमका आक्षेप माझ्या संपादकांनीही क्वचित घेतला असेल. तिला बातमी वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्याकडे एक प्रश्न होता आणि बातमीत ती त्याचं उत्तर शोधत होती. तेव्हापासून मी अग्रलेख वाचून घेणं बंद केलं. आधी स्वतःचा एक विषय, चालत जाऊन बघता येईल एवढा जवळचा, आणि मग त्याच्या बातम्या. कुणी सिटीलिंकच्या एका रूटवर तीन महिने नजर ठेवतं, कुणी घंटागाडीच्या वेळेवर, कुणी गोदावरीत मिळणाऱ्या एका नाल्यावर. एक विषय तीन महिने धरला की आपोआप कळतं की बजेट कधी येतं, टेंडर म्हणजे काय, कुठला रिपोर्टर खरंच जाऊन बघतो आणि कुठे प्रेसनोट जशीच्या तशी छापलीये.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर तिच्याकडे माहिती आहे, तिला शहरात शिरायला दार नाहीये, आणि ते दार वाचनापेक्षा जवळच्या एका कामातून लवकर उघडतं.

आता फोनचं. काढून घेऊ नका. तिची बातमी तिथेच येणार आहे आणि तुमचीही तिथेच येते, फक्त तुमची व्हॉट्सअ‍ॅपवर येते. तिला तो फोन बातमीसाठी नीट वापरता आला पाहिजे. मागे एका ऑगस्टमध्ये शनिवारीच दुपारी सगळ्यांच्या फोनवर एक व्हिडिओ आला, गोदावरीला महापूर, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्यापर्यंत पाणी, खाली लिहिलेलं की आत्ताचं दृश्य, पंचवटीत जाऊ नका. नाशिककरांना सांगायला नको, आपल्याकडे पूर किती आला ते मारुतीवरून ठरतं, पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर मारुती पूर्ण बुडाला होता. त्यामुळे असा व्हिडिओ आला की पोटात गोळा येतोच, गटातल्या दोघांची घरं नदीकाठी होती. मी म्हटलं घाबरण्याआधी पाच मिनिटं द्या. एकीने गंगापूर धरणातून किती विसर्ग चाललाय ते शोधलं. हा आकडा क्युसेकमध्ये येतो, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. त्या दिवशीचा आकडा अगदीच कमी होता, एवढ्या पाण्यात मारुतीच्या गळ्यापर्यंत येणं शक्यच नव्हतं. दुसऱ्याने व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला तर मागे एका बॅनरवर गणेशोत्सव आणि तीन वर्षांपूर्वीचं साल. आणि पंचवटीतला एक मुलगा काही न बोलता उठला, दहा मिनिटं चालत गेला आणि फोटो पाठवला, पाणी मारुतीच्या पायाशी, बाजूला दोन म्हातारे छत्री धरून उभे. मग सगळ्यांनी आपापल्या घरच्या ग्रुपवर एकच मेसेज टाकला, की हा व्हिडिओ जुना आहे, आत्ता पाच चाळीसला काढलेला फोटो हा, घाबरू नका. कुणाला मूर्ख म्हणायचं नाही, व्हिडिओ कुणी टाकला त्याचं नाव घ्यायचं नाही, हा आमचा नियम आहे, कारण टाकणारा बहुतेक वेळा आपलाच काका असतो आणि त्याने काळजीपोटीच टाकलेला असतो.

यावर मी इतकी का बोलते ते सांगते. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आलीये या अफवेवरून मंगळवेढ्याकडच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, गावोगाव फिरून पोट भरणारी. त्याच दिवशी आपल्या जिल्ह्यात मालेगावात अशाच अफवेवरून जमाव पाच जणांवर धावून गेला होता, त्यात एक लहान मूल होतं, पोलिसांनी कसंबसं वाचवलं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. मी तेव्हा नोकरीत होते, डेस्कवर ते फोटो बघितलेत आणि ते मी विसरू शकत नाही. तो मेसेज हजारो लोकांनी पुढे पाठवला असेल, त्यातल्या एकानेही कुणाला मारायचं ठरवलं नव्हतं. म्हणून मला पोराने अग्रलेख वाचला नाही तरी चालतं, पण फॉरवर्ड करण्याआधी "हे कधीचं, कुठलं, कुणी सांगितलं" हे तीन प्रश्न त्याला सुचले नाहीत तर मला झोप लागत नाही.

"सगळे विकले गेलेत" हे ती मीडियाबद्दल पण म्हणत असेल. तिला लगेच गप्प करू नका. २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूजचं, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचं, प्रकरण महाराष्ट्रात केवढं गाजलं, प्रेस कौन्सिलला चौकशी करावी लागली, हे मी आतून बघितलंय. माझ्या हातून पण झालंय, एका शाळेबद्दलच्या तक्रारीची बातमी मी समोरच्या बाजूला फोन न करता दिली होती, दुसऱ्या दिवशी कळलं की तक्रारच वैयक्तिक भांडणातून केलेली. खुलासा छापला, पण तो चार ओळींचा आणि बातमी होती पाव पानाची. हे मी पोरांना सांगते. त्यांचा अविश्वास मला समजतो, पण सगळ्यांवर सारखाच अविश्वास ठेवला की अफवा आणि बातमी एकाच रांगेत बसतात, आणि त्यात फायदा अफवेचा होतो. म्हणून आम्ही पेपर चांगला की वाईट असं बोलतच नाही, एकेक बातमी घेऊन विचारतो की हे कुणी सांगितलं, दुसरी बाजू आहे का, कागद आहे का, बातमीदार तिथे गेला होता का. रीललाही हेच प्रश्न. इन्स्टावर नाशिकची काही पोरं रस्त्यात उतरून खरोखर चांगलं काम करतात आणि काही नुसतं कुणाचं तरी ओरडणं कापून लावतात, हा फरक तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल, फक्त प्रश्न हातात द्या.

आणि तुमच्या घरी वीस वर्षं येणाऱ्या पेपरमधलं सगळ्यात कामाचं पान कुठलं सांगू? जाहीर सूचनांचं. बारीक अक्षरात, सरकारी मराठीत, कुणी वाचत नाही असं. पण नागरिकाला उद्देशून काही लिहिलेलं असतं ते तिथेच, अमुक दिवसांत हरकती व सूचना पाठवाव्यात. शहर विकास आराखड्यात छोटा फेरबदल करायचा असला तरी कायद्याने नोटीस देऊन महिनाभर हरकती घ्याव्या लागतात. झाड तोडायचं तर पेपरात नोटीस आणि झाडावर पण नोटीस. नोव्हेंबर २०२५ मध्ये तपोवनातल्या झाडांचं जे झालं ते अशाच नोटिसीतून लोकांना कळलं, सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधूग्रामसाठी अठराशेच्या आसपास झाडांचा विषय होता. शेकड्यांनी हरकती गेल्या, सुनावणी गाजली, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. तिथे कुणाचं बरोबर यावर तुमच्या घरात दोन मतं असू शकतील, असू देत. आमच्या गटातही होती, एक मुलगा म्हणायचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, जागा लागणारच, आणि दुसरी झाडं मोजायला गेली होती. दोघांनी आपापली हरकत-सूचना लिहून दिली आणि पोच घेतली. त्या मुलाने पोचपावतीचा शिक्का दाखवत मला म्हटलं, "ताई, सरकारने पहिल्यांदा माझं नाव लिहून घेतलं." आधार, पॅन, शाळेचा दाखला सगळं आहे त्याच्याकडे, पण मत मांडणारा माणूस म्हणून नाव पहिल्यांदाच लागलं होतं.

मग तुम्ही घरी काय करायचं. पेपर बंद करू नका, सक्तीही करू नका, फक्त जाहीर सूचनांचं पान आणि सिडको-अंबड भागातल्या बातम्यांचं पान रविवारी बाजूला काढून ठेवा, दहा मिनिटं दोघांनी बघा. दिल्ली-मुंबईच्या राजकारणावर जेवताना वाद घालू नका, त्यात तुम्ही दोघं पण फक्त प्रेक्षक आहात आणि शेवटी आवाज चढतो. त्यापेक्षा तिला विचारा की आपल्या भागात तुला रोज कशाचा त्रास होतो. उत्तर तुम्हाला किरकोळ वाटेल, तरी तोच विषय घ्या. तुम्हाला पटणारा विषय तिच्या गळ्यात घालू नका, हे फार महत्त्वाचं. आणि पहिल्यांदा सोबत जा पण बोलू तिला द्या. खिडकीतला माणूस तिच्याकडे न बघता तुमच्याकडे बघून बोलेल, नेहमी असंच होतं, तेव्हा तुम्ही म्हणायचं, "अर्ज तिचा आहे, तिला सांगा." कॉलेजात एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना असेल तर तिथेही विचारू द्या, दोन वर्षांत २४० तास काम असतं, आणि वृक्षारोपणाच्या फोटोपलीकडे जाणारे प्रोग्रॅम ऑफिसर असतात, शोधावे लागतात. सार्वजनिक वाचनालयात एकदा घेऊन जा, आपलं सावाना १८४० सालचं आहे, तिथे तिच्या विषयाचे जुने पेपर चाळायला मिळतात का ते तिलाच विचारू द्या.

पटकन काही बदलेल असं समजू नका. माझ्या गटातून दर वर्षी निम्मी पोरं गळतात, परीक्षा, नोकरी, पुण्याला जाणं, लग्न. काही तक्रारींचं काहीच होत नाही, एका नाल्याचं प्रकरण आम्ही दोन वर्षं लावून धरलं आणि तो नाला अजून तसाच नदीत येतोय. हेही तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच अपयशाला "म्हटलं होतं ना" होईल.

मतदार यादीचं मात्र या आठवड्यातच करा. आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर, त्या तारखेला अठरा पूर्ण असले की झालं, आणि सतरा पूर्ण असलेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे धाकटा असेल तर त्याचंही बघून ठेवा. फॉर्म ६ निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर भरता येतो, फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा लागतो, भरल्यावर संदर्भ क्रमांक येतो तो जपून ठेवायला सांगा, आणि बीएलओ, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राची यादी बघणारे अधिकारी, घरी चौकशीला येतील तेव्हा कुणीतरी घरी पाहिजे. फॉर्म तिलाच भरू द्या, तिच्याच फोनवरून. आणि संध्याकाळी जरा फिरून या दोघं, तुमच्या गल्लीत किती खांब बंद आहेत बघा, नंबर तिला टिपू द्या. अर्ज लिहिताना अडलात तर मला कळवा, दीडशे शब्दांत बसवायला मी मदत करेन.